गाळलेली जोडी

लुनाने खिळ्यावरचा डफ न विचारता काढून नेला. नात झाली, शाळेत संगीताची बाई झाली, म्हणून आजीच्या भिंतीला हात लावायचा? पालोंबा सकाळपासून धुमसत होती. त्रेपन्न वर्षं तो डफ भिंतीकडे तोंड करून टांगलेला. सुतकात वाद्य असंच ठेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. आई कोणत्या दिवशी मेली हेच ठाऊक नाही, तर सुतक फिटणार कसं?

पण रागाखाली भीती होती. १९४३च्या वसंतात नाझींनी ग्रीसमधल्या सालोनिकाच्या स्टेशनाजवळ ज्यूंना कुंपणात कोंडलं, तेव्हा बातमी पसरली की लग्न झालेल्यांना पोलंडात वेगळी खोली मिळेल. एका दिवसात कितीतरी लग्नं लागली. पालोंबाची आई डफ वाजवत एकेका जोडीची नावं गाण्यात गुंफत होती. सतरा वर्षांची पालोंबा आणि मेन्तेश ही शेवटची जोडी. चौथ्या दिवशी सगळ्यांना छावणीकडे नेणारी गाडी. डफ कुंपणावरून फोतिनी शेजारणीकडे गेला, म्हणून उरला. छावणीतून पालोंबा एकटीच परतली; दुसरं लग्न, मुलंबाळं पुढे झाली.

शाळेच्या भिंतीवर परवाच कोणी ज्यूंना शिव्या लिहिल्या होत्या. चुन्याखालून काळं अजून दिसत होतं. लुना आज मुलांसमोर वाजवणार होती; पालोंबा कोट न काढता वर्गाच्या दाराशी बसली. गाण्यात माझं नाव घ्यायचं नाही, असं तिने लुनाला बजावलं होतं. घराच्या दारावर पाटीसुद्धा ती लावत नसे.

लुनाने मुलांना सांगितलं, की गाड्या नंतर आल्या, आधी शेजाऱ्यांना द्वेष शिकवला गेला. मग तिने डफावर थाप मारली. आजीकडून ऐकलेली नावं एकेक येऊ लागली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. थंडी आत येते म्हणून शिपायाने दार लोटलं, कडी खणकन पडली.

पालोंबाला त्या गाडीच्या दाराचा आवाज ऐकू आला. डबा बंद झाला. आता आपलं नाव येणार, सगळे वळून बघणार. तिने बाकाची कड घट्ट धरली.

गाणं संपलं. नाव आलंच नाही.

सुटले, असं तिला वाटलं. पण तिच्यासोबत मेन्तेशही गळला होता. त्याचं नाव घेणारं आता जगात दुसरं होतं कोण?

ती उठली. कडी काढून दार सताड उघडलं आणि लुनासमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, तूच नको म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते. भ्याले होते म्हणून. डफ चोरलास, ते पोटात घालीन. पण माझ्या माणसाला गाळलंस, हे नाही चालायचं. चार दिवसांचा असला तरी नवरा होता. घे आमची दोघांची नावं, मोठ्याने. आणि ते दार कोणी लावायचं नाही."