विसावा माणूस

शेजारच्या रिकाम्या सीटवरचं पट्ट्याचं बक्कल बसच्या प्रत्येक हादऱ्याला प्लास्टिकवर आपटत होतं, टक्, टक्... ग्रासिएलानं ते शेवटी मुठीत धरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की गेली दहा मिनिटं आपण हा आवाजच मोजत होतो. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला मोजायला काहीतरी लागतंच — पण त्या शब्दापाशी मन अडखळलं, आणि तिनं घाईनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

तेमुको शहरातल्या निवृत्त शिक्षकांचं गायनमंडळ शनिवार-रविवार वाल्दिवियाला निघालं होतं. माणसं वीस. बारा वाजता नदीकाठचा बियरचा कारखाना बघायचा, आणि यादी तिच्याकडे, कारण गणिताच्या बाई मोजण्यात चुकायच्या नाहीत. सकाळी पित्रुफ्केन गावाजवळ टायर फुटला, तासभर सगळे दवात कुडकुडत उभे राहिले, आणि पुन्हा निघाले तर बसचा हीटरही बंद. तेव्हा शेजारी बसलेल्या बाल्तासारसरांनी आपला जाड कोट काढून न विचारता तिच्या गुडघ्यांवर पसरला होता.

"ग्रासिएलाबाई, कोट तर मिळाला, आता अंगठी कधी?" मागून योलांदा ओरडली. अख्खी बस हसली. लग्न न केलेल्या बाईवर माणसं हसतात, याची ग्रासिएलाला सवय होती. पण सरही हसले, कानापर्यंत लाल होऊन, आणि ते काही तिला सोसवलं नाही. वर्षापूर्वी त्यांची बायको नेल्दा गेली, आणि तेव्हापासून ते भेटेल त्याला तिच्याबद्दलच सांगत. नेल्दा मटारचं सूप कसं करायची, नेल्दा शेवटच्या दिवशी काय म्हणाली... तेमुकोपासून ग्रासिएला ऐकत होती, मान हलवत होती, आणि आतून एकच गोष्ट मागत होती — थोडी शांतता, थोडीशीच.

पेट्रोलपंपावर बस थांबली. "तुम्ही गारठल्या आहात, काहीतरी गरम आणतो," म्हणून सर नुसत्या स्वेटरवर उतरले.

मग ड्रायव्हर पास्कुआलनं आरशातून विचारलं, "बाई, सगळे आले का?"

तिनं मोजलं होतं. एकोणीस. काचेवर वाफ धरली होती, तिनं बाहीनं तेवढाच एक गोल पुसला, आणि त्यातून तिला दुकानाच्या दारात सरांची तपकिरी टोपी दिसली. हातात कागदाची पिशवी, आणि दुसरा हात वर केलेला.

"आले," ती म्हणाली. "चला."

दोन मिनिटांनी सांगू, असं तिनं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण दोन मिनिटांनी सांगायचं तर दोन मिनिटं गप्प का बसलात हेही सांगावं लागणार, आणि पाच मिनिटांनी पाचांचं... मी उभी राहिले असते, अहो थांबा म्हणाले असते, की संपलं असतं. पण दर मिनिटाला ते वाक्य जड होत गेलं, आणि पुलामागून पूल मागे पडत राहिले.

"अहो, बाल्तासारसर कुठायत?" योलांदाच्या लक्षात आलं तेव्हा अर्धा तास उलटला होता. तिनं फोन लावला. तो ग्रासिएलाच्या मांडीवर वाजला, कोटाच्या खिशात, आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"बाई, तुम्ही मोजलंत ना?"

"मला वाटलं... मागे जाऊन बसलेत."

"आता वळायचं म्हणजे बारा चुकले," पास्कुआल म्हणाला.

"भूगोलाचे मास्तर आहेत, वाट सापडेल त्यांना!" कुणीतरी म्हणालं. लोक हसले आणि बस पुढे गेली. तिनं एका शब्दानं अडवलं नाही. कोटाच्या उबेत तिला घाम फुटला होता.

कारखान्यात तांब्याची मोठमोठी पिंपं होती, भाजल्या धान्याचा पावासारखा वास होता. माहिती सांगणाऱ्या मुलीनं प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर जव ठेवले. चावून बघा, गोड लागतील. ग्रासिएलानं चावले. तोंडात नुसता भुसा झाला. मग लांबलचक टेबलावर ग्लास आले, आणि ती हातावरचा कोट खाली ठेवायचं धाडस न होता भरल्या ग्लासापुढे बसून राहिली.

सव्वा वाजायच्या सुमाराला लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकमधून सर उतरले. नाक लाल, ओठ निळसर, काखेत तीच पिशवी. टाळ्या पडल्या.

"सर, मनाला लावून घेऊ नका," योलांदा म्हणाली, "नवरीच पळून गेली!"

"चूक माझीच," सर म्हणाले. "दुकानात रमलो. बाई तरी काय करणार? काचांवर वाफ केवढी होती. आतून बाहेरचं काही दिसत नसणार."

हे बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. वाफेनं पांढऱ्या झालेल्या त्या सगळ्या काचांत एकच गोल पुसलेला होता, आणि बाहेर उभ्या माणसाला त्यात एक चेहरा दिसलाच असणार. की नसेल दिसला? आतल्या अंधारात...

ते शेजारी बसले. तिनं कोट पुढे केला. "सर, मला तुम्हाला —"

"गार झाल्यात," त्यांनी पिशवी तिच्याकडे सरकवली. भोपळ्याच्या पुऱ्या, तेलानं कागद पारदर्शक झालेला. "पण खा."

आणि मग ते बोललेच नाहीत. नेल्दाचं नावही नाही. दोन्ही हात काखेत घालून नदीकडे बघत बसले.

वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. मी पाहिलं होतं. तीन शब्द, सहा अक्षरं, एवढंच. ते म्हणाले असते, असू द्या हो. तिला रडू आलं असतं, आणि या गारठलेल्या माणसालाच तिची समजूत काढावी लागली असती. म्हणजे खरं बोलण्यातूनही मला काहीतरी घ्यायचंच आहे त्यांच्याकडून... सकाळपासून तिला वाटत होतं, आपल्याला लाज वाटतेय ती पकडलं जाण्याची, खोटं बोलल्याची, या माणसाला थंडीत सोडल्याची. पण त्या सगळ्याच्या खाली एक क्षण होता, आणि त्याच्याकडे तिनं अजून पाहिलंच नव्हतं. बस हमरस्त्याला लागली, टोपी लहान होत होत ठिपक्याएवढी झाली, आणि तेव्हा आपल्या छातीत काय झालं होतं?

मी खूश झाले होते. शाळा लवकर सुटावी तशी, पोरीसारखी खूश.

तिनं पुरी मोडली. शेजारी सर अजून थरथरत होते, बाकाच्या लाकडातून ते तिला जाणवत होतं, आणि त्यापासून दूर सरकावं की नाही हे तिला काही केल्या ठरवता येत नव्हतं.