रब्बी विवांचा शेवटचा धडा

पाद्री तिएरी फ्रान्सच्या शांपान्य प्रांतातल्या एका मठात राहून बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांवर भाष्य लिहीत होता. लॅटिन भाषांतरावर त्याचा भरवसा नव्हता. मूळ हिब्रू शिकायचं म्हणून तो कित्येक हिवाळे ज्यूंच्या गल्लीत त्यांचे धर्मगुरू रब्बी विवां यांच्याकडे जात होता. विवांची बायको बेलासे त्याला चुलीजवळची जागा द्यायची. मठातले लोक चिडवत, "काय रे तिएरी, ज्यूंसारखी दाढी कधी वाढवतोस?" तोही हसून सोडून द्यायचा.

एक दिवस भाष्याची पानं मठाधिपतींच्या हाती पडली. त्यांनी भर सभेत विचारलं, "यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आपण 'कुमारी' वाचतो, तिथे तू 'तरुणी' लिहिलंस?"

"मूळ शब्दाचा अर्थ तोच आहे, फादर."

"म्हणजे प्रभू येशूची आई कुमारी नव्हती?"

तिएरी घाईघाईनं म्हणाला, "मी नाही म्हणत, ज्यू म्हणतात. त्यांचा खोटेपणा उघडा पाडायलाच तर मी जात होतो."

"कोणता ज्यू?"

नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते त्याच्या तोंडून यायला हवं होतं. ते आलं.

"मग चल. त्याची कुठली पुस्तकं जाळायला उचलायची ते तूच दाखव. आमच्यात ती लिपी दुसऱ्या कुणाला कळते?"

शिपायांनी विवांचं घर उपसलं. तिएरी एकेक पुस्तक उघडून 'हे घ्या' अशी मान हलवत होता. बेलासेनं एक छोटं पुस्तक छातीशी धरलं. "फादर, यात नुसत्या प्रार्थना आहेत. माझ्या आईचं आहे हे. तुम्हाला तरी वाचता येतं ना!"

शिपाई त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्यातलाच एक जण मठात जाऊन सगळं सांगणार, हे त्याला माहीत होतं.

"तेही घ्या," तिएरी म्हणाला.

बाजारात पुस्तकांची होळी पेटली. हिब्रू शब्दकोश तेवढा तिएरीनं झग्याखाली दडवला होता. निदान एक तरी पुस्तक वाचवलं, असं त्यानं स्वतःला समजावलं. विवांनी ते पाहिलं होतं.

विवां आणि बेलासेला गाव सोडण्याचा हुकूम झाला. गाडीत सामान चढत असताना तिएरी आला. बेलासेला वाटलं, हा माफी मागणार. तिनं तोंड फिरवलं.

"रब्बी, हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथात एक शब्द अडलाय. भिंतीतला दगड ओरडेल आणि लाकडातून 'काफीस' त्याला उत्तर देईल. काफीस म्हणजे काय? कोशात नाही सापडत."

"कुठल्या कोशात?" बेलासे फणकारली. "लाज कशी नाही वाटत हो?"

विवांनी तिला हातानंच थांबवलं. गप्प बसता आलं असतं, खोटा अर्थही सांगता आला असता. पण त्या ग्रंथाचा खोटा अर्थ जन्मात त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

"अर्धी वीट," ते म्हणाले. "दोन लाकडांच्या मध्ये बसवतात ती."

"अर्धी वीट! आता जुळलं!" तिएरीचा चेहरा खुलला.

"पुढची ओळही वाचा, फादर. रक्त सांडून नगर बांधणाऱ्याचा धिक्कार असो, असं आहे तिथे."

"ती वाचलीय," तिएरी म्हणाला. "तिच्यात अवघड शब्द नाही."

गाडी हलली. तो मठाकडे झपाझप चालू लागला. विसरायच्या आत त्याला ते लिहून काढायचं होतं.