राघोचा फोटो

"मावशी, काचेला हात लावायचा नाही," सुहासिनीबाई दुसऱ्यांदा म्हणाल्या.

आयने हात काढला, पदराने काच पुसली आणि हात परत तिथेच ठेवला. आत लेखकसाहेबांचा चष्मा, शाईची दौत आणि दोघांच्या मध्ये माझा भाऊ राघो. एकोणीस वर्षांचा, स्टुडिओतल्या पडद्यापुढे, उसना शर्ट घालून. खाली पाटी, 'कादंबरीचा नायक'.

मी सकाळपासून धुमसत होते. कोळीवाड्यातून निघून डोंबिवलीला यायचं, तर घोडबंदर रोडवरच पाऊण तास अडकलो. रिक्षात आय सारखी विचारत होती, "बंद त नाय ना होनार?" मांडीवरच्या पिशवीत चंदनाचा हार होता. घरी भिंतीला खिळाही ठोकून झाला होता.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी राघो खाडीत गेला आणि चौथ्या दिवशी भरतीने त्याला आणून टाकलं. तेव्हा लेखकसाहेब आमच्या ओट्यावर बसून सगळं लिहून घ्यायचे. आठ दिवसांत परत देतो म्हणून घरातला एकुलता एक फोटो घेऊन गेले. पुढे कादंबरी गाजली, सत्कार झाले, साहेबही गेले. फोटो मात्र 'कागदांत कुठेतरी असेल'. आय दर सर्वपित्रीला फोटोच्या जागी त्याची टोपी मांडून पान वाढते. गेल्या आठवड्यात माझ्या लेकीने, संचिताने, मोबाईलवर या संग्रहालयाचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा आयने पोराला ओळखलं.

"हा फोटो आमचा आहे. मागून नेलेला. परत द्या," मी म्हणाले.

सुहासिनीबाई साहेबांच्या सूनबाई. "लोक खास हा बघायला येतात हो. कॉपी काढून देऊ का?"

"कॉपी तुम्ही ठेवा."

त्यांनी आयकडे पाहिलं आणि त्या किल्ली आणायला गेल्या. तेवढ्यात कॉलेजातल्या दोन मुली काचेपाशी आल्या.

"हाच ना गं तो? शेवटी घरी येतो तो?"

"हो ना. आणि जेवायला मागतो. मी जाम रडलेले."

आय गर्रकन वळली. "हेमांगी, कोन घरी आला?"

पुस्तक मी वाचलं होतं. शेवट आयला कधी सांगितला नव्हता. माझ्या भावाच्या मरणाशी असा खेळ केला म्हणून मला त्या माणसाचा संताप यायचा. आता सांगणं भाग होतं.

"पुस्तकात राघो मरत नाही, आये. चौथ्या दिवशी चिखल तुडवत घरी येतो. आल्या आल्या जेवायला मागतो."

"मंग मी काय वाढलं त्याला?"

"बोंबलाचं कालवण."

आयने मान हलवली. "त्याला आवडायचं."

सुहासिनीबाईंनी कपाट उघडून फोटो आयच्या हातात दिला. "न्या मावशी. आमचं चुकलंच."

आयने फोटो पदराने पुसला, बराच वेळ पाहिला आणि त्यांच्यापुढे धरला.

"ऱ्हाऊ दे हितंच. घरी नेला त हार घालावा लागंल."

मग ती म्हणाली, "फकस्त खिरकीशी नको ठेवू, बाय. ऊन लागून चेहरा पुसट व्हतो त्याचा."

सुहासिनीबाईंनी साहेबांचा चष्मा खिडकीकडे सरकवला आणि राघोला आतल्या बाजूला, सावलीत ठेवलं.

परतताना रिक्षा पुन्हा अडकली. हार पिशवीतच होता. आय बाहेर बघत बसली होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "बोंबील वले व्हते का सुके?"

पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही.

"ओले," मी म्हणाले. "ताजे. तूच आणलेले."