मागून बांधायचे बंद

पत्रेवाल्याचे कान गेले तेव्हा सगळ्यांनी हळहळ केली. फक्त त्याच्या बायकोला मनापासून आनंद झाला, आणि तो तिने लपवलाही नाही. ज्याच्यापासून लपवायचा त्यालाच ऐकू येत नव्हतं.

आयुष्यभर पत्र्याच्या पेट्या आणि बादल्या ठोकल्यावर कान राहतात थोडेच! खाली कारखाना, वर घर. हातोडा सुरू झाला की मांडणीवरची भांडी थरथरायला लागायची. घरातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची आणि आपण ओरडतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पत्रेवाला चामड्याचा एप्रन चढवायचा. त्याचे बंद पाठीमागे. बोटं आखडल्यापासून ते बायकोच बांधायची. समोर असताना ती 'अहो' म्हणायची, चहाचा कप हातात द्यायची. पाठीमागे गेली की 'अरे' सुरू.

"अरे मेल्या, कधी मरणार तू? तू गेलास ना, की पहिल्यांदा हा एप्रन जाळीन. मग ती कात्री फोडीन."

आवाज अगदी शांत, भाजी निवडता निवडता बोलावं तसा. दाराशी सून तोंडावर हात दाबून हसायची. मुलगा "आई, पुरे" म्हणायचा आणि स्वतःच फिसकन हसायचा. गाठ बसली की ती पुढे येऊन म्हणायची, "झालं हं, अहो." तो मान डोलावून खाली जायचा.

कात्रीचं असं झालं होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिने बरोबर शिलाई मशीन आणलं होतं. एकदा ती माहेरी गेलेली असताना त्याने मशीनचं डोकं भंगारात घातलं आणि त्या स्टँडवर पत्रा कापायची मोठी कात्री बसवली. परत आल्यावर तिने विचारलं, तर गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "तुला विचारायला हवं होतं का?" तेव्हापासून त्याच्यासमोर तिचं तोंड बंद झालं. ते उघडलं त्याचे कान गेल्यावर. एप्रनची गाठ बसेपर्यंतचा तेवढा वेळ सबंध दिवसात तिचा स्वतःचा होता.

आणि मुलाने जाहीर केलं, बाबांना कानाचं मशीन आणायचं. गिऱ्हाइकं ओरडून ओरडून कंटाळली होती.

"या वयात कशाला?" ती म्हणाली. "आता काय गाणी ऐकायचीत त्यांना?"

पण मुलगा हटला नाही. तिघं गेली. कान तपासणाऱ्या बाईंनी पत्रेवाल्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. गडी मानी. आवाज येवो न येवो, बटण दाबतच सुटला.

"काका, आवाज आला तरच दाबा हो," बाई काचेतून खुणा करत होत्या.

मग त्यांनी टेबलावर दोन मशीनं मांडली. एक कानाच्या आत बसणारं, चटकन दिसणारही नाही असं. दुसरं कानामागे अडकवायचं, त्यातून नळी आत जाणारी. "तुमचं काम आवाजातलं ना? मग हे मागचं घ्या. गोंगाटात हे समोरचं बोलणं तेवढं पकडतं. पाठीमागचं दाबून टाकतं."

बायको इतका वेळ भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होती. ती गर्रकन वळली. "पाठीमागचं मुळीच ऐकू येत नाही?"

"गोंगाटात नाही."

"आमच्याकडे सदानकदा गोंगाटच असतो. हेच द्या."

"आई, ते आतलं दिसत नाही तरी," मुलगा म्हणाला.

"दिसू दे. मी सांगते तेच घे."

"काका, नशीबवान आहात," बाई मोठ्याने म्हणाल्या. "काकू किती काळजीने विचारतात!" मुलाला खोकला आला.

पहिले काही दिवस पत्रेवाल्याने घर डोक्यावर घेतलं. नळ, वर्तमानपत्राची घडी, सुनेची चप्पल, सगळं अंगावर यायचं. जेवताना घास थांबवून विचारायचा, "हे डोक्यात कोण चावतंय?" स्वतःचा आवाज ऐकून तर चपापलाच. "मी असा बोलतो?"

"असंच बोलता, अहो," बायको म्हणाली.

एकदा वाटी पडली तर त्याने मशीनं उपटून गादीवर भिरकावली. तिने ती उचलली, इवल्याशा ब्रशने मळ काढला, चार्जिंगच्या डबीत ठेवली. त्या मशीनांची निगा तिच्याइतकी कोणी राखली नाही. निवड तिची होती ना!

सुरुवातीला एप्रन बांधताना ती गप्प राहिली. मग एका सकाळी पुटपुटली, "मेल्या." तो वळला नाही. दुसऱ्या दिवशी जरा मोठ्याने म्हणाली. तरी वळला नाही. मग तिला रानच मोकळं मिळालं. साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं, आणि एक दिवस जे कधीच काढलं नव्हतं तेही आलं.

"आपली पोरगी जात होती तेव्हा तू खाली ठोकत होतास. मी जिन्यातून ओरडले, थांब म्हणून. तू ठोकतच राहिलास. तिचा शेवटचा आवाजसुद्धा मला ऐकू दिला नाहीस तू."

त्या दिवशी सून हसली नाही. पत्रेवाल्याची मान जराशी ताठ झाली, इतकंच.

पुढच्या आठवड्यात मशीनं जुळवून घ्यायला पुन्हा बाईंकडे गेली सगळी. "कारखान्यात ठीक आहे ना?" बाईंनी विचारलं. "आणि घरी, काम सुरू व्हायच्या आधी? शांततेत हे आपोआप चारी बाजूंनी ऐकायला लागतं. नाहीतर मागून कोणी हाक मारली तर कळायचं कसं? येतं ना मागचं ऐकू?"

"येतं," पत्रेवाला म्हणाला. "स्वच्छ. पहिल्या दिवसापासून."

बायकोने हातातली चार्जिंगची डबी खटकन मिटली. आपल्या घरातही शांतता असते, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. हातोडा उचलण्याआधीची ती एवढीशी शांतता, आणि तिने बोलायला नेमकी तीच धरली होती.

घरी येताना तो ओरडला असता तर तिला परवडलं असतं. ओरडणं तिच्या सवयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एप्रन चढवला. ती मागे आली. त्याने एकेक करून दोन्ही मशीनं काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

"काढलीत. बोल आता." आणि पाठ करून उभा राहिला.

दाराशी मुलगा आणि सून. तिने तोंड उघडलं. आतून काहीच येईना.

"बोलली का रे?" त्याने मुलाला विचारलं. मुलाने नाही म्हणून मान हलवली.

"थांबतो मी. एप्रन जाळणार, कात्री फोडणार, ते पाठ झालंय मला. त्या दिवशी पोरीपर्यंत आली होतीस. पुढचं सांग." कानात मशीन नसल्यामुळे तो ओरडत होता. समोरच्या घराची खिडकी उघडली. "पोर मरत होती तेव्हा मी ठोकत होतो, असंच ना? अहो-बिहो नको. ते मागचं अरे-तुरे कर. आज मी विचारतोय तुला. उभ्या जन्मात पहिल्यांदा विचारतोय!"

खिडकीत दोन डोकी आली. लाजेने तिचे कान तापले. तिने बंद ओढले, गाठ मारली आणि पुढे आली. मूठ उघडली. त्याने सावकाश मशीनं कानांत बसवली, सुरू होईपर्यंत थांबला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"झालं हं, अहो," ती म्हणाली.

तो हसला. "उद्याही विचारीन," म्हणाला आणि जिना उतरला.

थोड्याच वेळात खाली हातोडा सुरू झाला. मांडणीवरची भांडी थरथरायला लागली. आता ती काहीही बोलली असती तरी कोणाला ऐकू गेलं नसतं. ती बोलली नाही.