पुन्हा कोरी होणारी फीत

दुष्काळाने विहिरींचे तळ उघडे पाडले होते. येरमाळ्याजवळच्या पाझर तलावाच्या कामावर तुळजाबाई माती वाहत होती, आणि घरी तिचा नवरा बब्रुवान खाटेवर झिजत चालला होता. डोळे मिटण्यापूर्वी त्याला एकदाच व्यंकटला पाहायचे होते. पोरगा पुण्याकडे कुठेसा होता. पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता.

म्हणून मुंबईहून टीव्हीवाले आले, तेव्हा ती पाटी टाकून धावली. खांद्यावर पेलायच्या नव्या कॅमेऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, “व्यंकट, आसशील तिथनं निघ बाबा. तुजा बा आता लई दिस काढायचा न्हाय.” मग हुंदक्यांत तिचे शब्द बुडाले; शेवटी तिने त्या काळ्या काचेला नुसतेच हात जोडले.

ती पदराने तोंड पुसत बाजूला झाली, तोच साखर कारखान्याचे चेअरमन आण्णासाहेब यांची जीप धुळीतून उगवली.

“आमचं घेतल्याबिगर निघाला व्हय?”

“साहेब, शेवटची कॅसेट होती,” कॅमेरावाला म्हणाला, आणि हसला. “फिल्म असती तर नाइलाज होता. ही टेप. मागं घेतो, त्या बाईचं पुसून तुमचं घेतो. रडणाऱ्या बाया परंड्यात भरपूर मिळाल्यात.”

निघताना तुळजाबाई आडवी आली. “माजं पोचंल न्हवं, साहेब?”

“पोचलंच समजा, मावशी.”

कार्यक्रम लागणार त्या संध्याकाळी सोसायटीच्या कचेरीपुढे टीव्हीभोवती गाव जमले. आण्णासाहेब पाण्याच्या योजनांवर बोलले, बोलतच राहिले. ते थांबताच फितीवर उरलेली तुळजाबाई उमटली: मुकी, हात जोडलेली. करड्या पडद्यावर आसवे घामासारखी चमकत होती. चेअरमनांचे उपकारच मानत असावी, अशी.

“आगं तुळजे, हिरॉइन झालीस की!” शेजारची कडूबाई खिदळली.

“पर माजं बोलनं?”

“आण्णासाहेब बोलल्यावर तू आनिक काय बोलनार?” तलावाच्या कामावरचा मुकादम म्हणाला. सारे अंगण हसले.

बब्रुवान त्या रात्रीपासून दाराकडे तोंड करून निजू लागला. त्याच कुशीवर गेला.

व्यंकट आला, तेव्हा बापाची राखही वाऱ्याने उरू दिली नव्हती. उंबऱ्यात बसून तो पुन्हापुन्हा सांगत राहिला, “म्या निघालोच व्हतो, आये. जिवाला घोर लागलेला, पिशवी भरलेली. पर हाटेलातल्या टीव्हीवर तू दिसलीस, आण्णासाहेबांचं बोलनं सपल्यावर, हात जोडून. म्हनलं, घरी समदं बरं हाय. मंग पिशवी रिकामी केली.”