कानवाल्याचा होकार

"काल तुम्ही हात लावलात आणि आज हे मेलं! चांगलं चालतं-बोलतं आणलं होतं हो मी, दादा!"

काजबाईंनी कानातलं यंत्र काढून काउंटरवर आपटलं. आपटलं म्हणायचं एवढंच. शेंगदाण्याएवढी ती वस्तू, तिचा आवाज तो किती होणार. झाला असता तरी त्यांना कळला नसता. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी सदऱ्यांना काजं केली. मशिनींनी पगार दिला आणि कान घेतले. खरं नाव कधीच मागे पडलं, काजबाई तेवढ्या उरल्या.

कानवाल्याने यंत्र उचललं आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, ओठ वाचता येतील असं सावकाश विचारलं, "ताई, बॅटरी बदललीत?"

"तीनदा बदलली. उलटी घातली, सुलटी घातली. लेक म्हणाली, आई, आता तिला न्हाऊ-माखू घालायचं तेवढं राहिलंय." कानवाल्याला हसू आलं. "हसताय काय? लेक येत्या सोमवारपासून कामावर जातीय. बाळ सहा महिन्यांचं. आज सकाळी ते पाळण्यात रडून रडून लालबुंद झालं आणि मी पाठमोरी धान्य निवडत बसले होते. निवांत! लेकीने अंघोळीतून धावत येऊन उचललं. म्हणाली, उद्या सकाळपर्यंत ऐकू आलं तर ठीक, नाहीतर त्याला पाळणाघरात ठेवते. सांगा आता. माझ्याच घरात मला माझा नातू परका."

कानवाल्याने यंत्राला वायर जोडली. कॉम्प्युटरवर त्याच्या रोजच्या प्रोग्रामची खिडकी उघडली. तिच्यात रोजच्या आलेखाऐवजी दोन ओळी होत्या: 'या यंत्राची नोंदणी नाही. अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.'

त्याने त्या ओळी पुन्हा वाचल्या. स्वतःच्या घराची कडी वाजवावी आणि आतून परक्याने 'कोण?' म्हणून विचारावं, तसं झालं.

कारण तो प्रोग्राम त्याचा होता. निम्मा त्याचा, निम्मा गवंड्याचा.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कानवाला तेव्हा जिन्याखालच्या याच खोलीत लोकांनी टाकून दिलेली, मेलेल्या माणसांच्या कानांतून उतरवलेली यंत्रं गोळा करी. ती साफ करून ज्यांना नवं परवडत नाही त्यांच्या कानांना बसवून देई. पण हरेक कंपनीचं यंत्र आपल्याच कंपनीचा प्रोग्राम ओळखायचं, सासरच्या माणसाशिवाय कुणाशी न बोलणाऱ्या नव्या सुनेसारखं. तेव्हा इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये त्याने वैतागून लिहिलं, सगळ्या यंत्रांशी बोलेल असं काही कुणी करत का नाही? खाली एकाने उत्तर दिलं: 'चल, आपण करू.' त्या माणसाने नाव लावलं होतं गवंडी.

दोघांनी मिळून जे रचलं त्याचं नाव ठेवलं 'कानगोष्ट'. ते कुणीही घ्यावं, आतला कोड उघडून बघावा, आवडेल तसा बदलावा आणि बदललेलं पुन्हा सगळ्यांना द्यावं. पाणवठ्याला का कुणी कुलूप घालतं? हळूहळू माणसं जमली. कुठली कुठली, दूरदूरची, कधी न पाहिलेली. आणखी दोघे कोड लिहू लागले, शे-दोनशे कारागीर वापरू लागले. कानवाला त्यांच्या शंकांना उत्तरं देई. एका पोरीने एका आठवड्यात चाळीस प्रश्न विचारले, त्याने चाळीसही उत्तरं दिली, आणि एकेचाळिसावं वर दिलं: 'बाळ, आता जेवून घे.'

गवंड्याचा चेहरा त्याने पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. होती ती नुसती अक्षरं. पण बारा वर्षं रोज येणारी अक्षरं म्हणजे भाऊच की. गवंडी नवी आवृत्ती पाठवी आणि कानवाला ती डोळे मिटून बसवी. गेल्या सोमवारी आलेलीही तशीच बसवली होती.

"अहो," आतून बायको आली. कानाचे साचे घेण्याचं काम तिचं. हात लगद्याने पांढरे झालेले. "पोस्टातले साहेब आलेत. आणि शाळेच्या गाडीचे ड्रायव्हर. दोघांचीही बंद. काय घातलंत तुम्ही त्यांच्यात? विष?"

नव्या आवृत्तीने त्याने कालच सहा यंत्रं जुळवली होती. दुपारपर्यंत सहाही परत आली. प्रत्येक यंत्र जेमतेम एक दिवस चाललं आणि मग गप्प झालं.

सगळ्यांना 'उद्या बघतो' म्हणून त्याने धाडलं. काजबाई मात्र हलल्या नाहीत. "माझा उद्या नाही," म्हणाल्या आणि बाकावर बसून राहिल्या.

मग त्याने ग्रुप उघडला. वरच निवेदन होतं, गवंड्याच्या सहीचं. 'कानगोष्ट' आता एका कंपनीकडे गेलं होतं. पुढच्या आवृत्त्या परवाना असलेल्या केंद्रांनाच मिळणार होत्या. नव्या आवृत्तीने जुळवलेलं प्रत्येक यंत्र त्या कुलपात येणार होतं, मग जुन्या आवृत्तीला ते दाद देणार नव्हतं. कोड लिहिणाऱ्या चौघांचीही लेखी संमती असल्याचं म्हटलं होतं, आणि खाली चौघांची उत्तरं जशीच्या तशी चिकटवली होती. पहिलं उत्तर त्याचं होतं: 'हो. तू म्हणशील ते.'

खाली तारीख होती, वेळ होती. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं.

ती वेळ त्याच्या काळजावर कोरलेली होती. आठ महिन्यांपूर्वी त्या दिवशी त्या वेळी बायको ऑपरेशनच्या टेबलावर होती. साधे पित्ताशयाचे खडे, पण भूल उतरेना, आणि डॉक्टर बाहेर येईनात. दवाखान्याच्या बाकावर बसून त्याने साऱ्या जगात एकाच माणसाला कळवलं होतं. गवंड्याने लिहिलं, 'धीर धर. इकडचं सगळं मी बघतो.' तीन आठवडे खरंच बघितलं. आणि त्याच सकाळी, धीराच्या त्या ओळीखालीच, एक लांबलचक कागद आला होता: 'उद्या कुणी आपल्याला त्रास देऊ नये म्हणून हे लागतंय. नुसतं हो लिही.' त्याने कागद उघडलाही नव्हता.

निवेदनाखाली ग्रुप पेटला होता.

'कानवाल्याने आमचे कान विकले.'

'फुकटच्या काकांचं खरं रूप बघा.'

'काकांनी न वाचता हो म्हटलं असेल, म्हणतायत काही जण! बारा वर्षं कोड लिहिणारा माणूस कागद वाचत नाही? आम्ही काय दूध पितो?'

हे शेवटचं चाळीस प्रश्नांच्या पोरीने लिहिलं होतं.

गंमत बघा, गवंड्याला कुणी फार बोलत नव्हतं. तो तर उघडउघड गेला, म्हणत होते; व्यवहार केला. राग होता तो 'बाळ, जेवून घे' म्हणणाऱ्यावर. ज्याने कधी घास भरवला नाही त्याला कुणी दोष देत नाही. कानवाल्याने उत्तर लिहायला घेतलं, दवाखान्याचं सांगायला घेतलं, आणि पुसलं. बायकोच्या ऑपरेशनची ढाल करून लोकांपुढे उभं राहणं त्याला जमेना.

त्याने गवंड्याला लिहिलं: 'नंबर दे.' नंबर आला.

बारा वर्षांनी आवाज ऐकू आला. कानवाल्याने मनात कधीचा एक जाड, खरखरीत, चुन्यामातीचा आवाज धरला होता. हा तर पातळ निघाला, गोड, नीट विंचरलेला.

"बोल रे. तुझ्याच फोनची वाट बघत होतो."

"माझी सहा माणसं बहिरी झालीत."

"अरे, ते एका मिनिटाचं काम आहे. तुझं केंद्र अधिकृत करून देतो. तुला परवाना कायमचा. आज संध्याकाळी सहाही चालू."

"आणि बाकीचे? ग्रुपमधले?"

"ते घेतील आपापले परवाने. नाहीतर जुन्या आवृत्तीवर राहतील, ती काय कुणी काढून घेत नाही. हे बघ, बारा वर्षं मी रोज कामावरून येऊन फुकट घासलंय. लोक मला शिव्या घालून दुरुस्त्या मागायचे. आभार एकाचे नाहीत. तुला तरी लोक काका म्हणायचे. मला काय म्हणायचे? मी दमलो रे."

हे खोटं नव्हतं. आवाजातला थकवा त्याला ओळखता येत होता. त्याचा धंदाच तो.

"मला विचारलं असतंस," कानवाला म्हणाला.

"विचारलं की. कागद पाठवला. तू वाचला नाहीस, त्याला मी काय करू?"

"त्या दिवशी विचारलंस. ती आत होती. तुला माहीत होतं."

फोन कटला नव्हता. पलीकडून श्वास येत होता, थोडा अडखळला, मग पुन्हा सारखा झाला. तेवढ्या अडखळण्यात कानवाल्याला जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं.

"फक्त एक कर," गवंडी म्हणाला, आवाज पुन्हा विंचरलेला. "ग्रुपवर एक ओळ टाक. कागद वाचून, समजून होकार दिला होता म्हणून. वकील लोकांना तेवढं हवंय. चौघांत तुझाच वाद निघेल असं त्यांना वाटतं. पाच वाजता फोन करतो. हो म्हणालास की तिथल्या तिथे कुलूप काढतो."

त्याने फोन ठेवला. बायको दारात उभी राहून हात पुसत होती. फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं होतं.

"लिहून टाका," ती म्हणाली. "एका ओळीचं खोटं, आणि सहा माणसांचे कान. त्या बाईंकडे बघा जरा."

काजबाई बाकावर बसल्या होत्या. तोंडाने कुणाचं तरी काहीतरी गुणगुणत होत्या, सूर चुकत होता, त्यांना पत्ता नव्हता.

"ती ओळ खोटी आहे, एवढंच असतं तर लिहिली असती," तो म्हणाला. "पण त्या ओळीवर उद्या दोनशे जणांची दारं बंद होतील. मी भांडलो तर निदान कागद अडेल."

"ते दोनशे जण तुम्हाला शिव्या देतायत."

"देऊ देत."

"त्यांच्यासाठी भांडायचं?"

"शिव्या देतायत म्हणजे ऐकू येतंय त्यांना."

"आहाहा! विनोद सुचतोय माणसाला." तिने फडकं खांद्यावर टाकलं. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आणि मी म्हणे भूल उतरेना म्हणून पडले होते. माझ्या नावावर घेतला होय त्याने तुमचा होकार." ती आत गेली आणि फळीवरून एक पत्र्याचा डबा काढून तिने त्याच्यापुढे ठेवला. एवढंच.

डब्यात जुनी यंत्रं होती, कॉम्प्युटर माहीत नसलेल्या काळातली. जाड, मातकट, कानामागे बसणारी. त्यांच्या पाठीला एकेक इवलासा स्क्रू. तो फिरवायचा, माणसाला विचारायचं, पुन्हा फिरवायचा. आवाज देतात, पण सगळेच आवाज एका मापाने देतात. भांडं पडलं तरी तेवढंच, लेकरू हसलं तरी तेवढंच. मध्येच शीळही घालतात.

त्याने त्यातलं एक साफ केलं, नवी नळी लावली, काजबाईंच्या साच्यात बसवलं. चार वाजून गेले होते.

"ताई, हे तुमच्या जुन्यासारखं नाही," त्याने लिहून दाखवलं. "हे आडमुठं आहे."

"माझ्या माणसासारखं," काजबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं चालवलं. घाला."

त्याने त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, म्हणजे ओठ दिसू नयेत. स्क्रू किंचित फिरवला. मागे उभं राहून शब्द म्हटले: "पाटी. वाटी. माती." बाईंनी म्हटलं, "पाटी. पाटी. पाटी." त्याने आणखी फिरवलं. यंत्राने शीळ घातली, बाई दचकल्या, शिवी हासडली, मग स्वतःच हसल्या. त्याने स्क्रू केसभर मागे घेतला. "वाटी," बाई म्हणाल्या. "माती. आता माती म्हणालात."

मग त्याने खिशातला फोन टेबलावर ठेवला, ग्रुप उघडला आणि उभ्या उभ्याच लिहिलं: 'मी कागद वाचला नव्हता. ती चूक माझी. पण न वाचता दिलेल्याला मी होकार मानत नाही, आणि हे मी लेखी कळवतो आहे. सोमवारची आवृत्ती कुणीही बसवू नका. ज्यांची यंत्रं बंद पडली असतील त्यांनी सांगा, स्क्रूची जुनी यंत्रं कशी जुळवायची ते मी दाखवतो.' पाठवलं. खाली लगेच उत्तरं येऊ लागली. त्याने ती वाचली नाहीत.

"दादा, थांबलात का?" भिंतीकडे तोंड केलेल्या काजबाईंनी विचारलं.

"थांबलो नाही. आता बारीक आवाज बघू. बाळाचा."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पाच वाजले होते.

बायको आतून बाहेर आली. फोनकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. तो हातात इवला स्क्रूड्रायव्हर धरून तसाच उभा होता.

"फोन वाजतोय, दादा," काजबाई भिंतीला म्हणाल्या. "घ्या ना."

"येतोय ऐकू?"

"येतोय की. घ्या, कुणाचं काही काम असेल."

कानवाल्याने फोन उचलून टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

"आता?"

"आता लांब गेला." बाईंनी मान तिरकी केली. "पण आहे. कुणीतरी पांघरुणात रडावं तसा."

त्याने स्क्रूला केसभर वळण दिलं. खणात फोन वाजत राहिला आणि मग थांबला.

"किती वेळा वाजला, ताई?"

"खणात घातल्यापासून? नऊ."

"नऊच," कानवाला म्हणाला, आणि त्यांच्या तपासणीच्या कार्डावर त्याने नऊ लिहिलं.