अंतराळवीराचा उजवा हातमोजा

चंदनसारच्या दोन खोल्यांत बसून अंतराळवीरांची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या विरारात एकच, आणि तो माझ्याच पदरात पडला. आमचे हे, सदानंद, तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करत होते. निवृत्त झाले आणि कुठेसं वाचलं, की अवकाशात हातमोजा हवेने टम्म फुगतो, बोटं वळता वळत नाहीत, नखं उचकटतात. झालं! जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा पंप करून ह्यांनी हवा ओढून घेणारी प्लास्टिकची पारदर्शक पेटी बनवली. मोजा कोण शिवणार? मीच, दुसरं कोण! शाळेचे युनिफॉर्म शिवणारी बाई मी.

आठ महिने रोज सकाळी हे मोजा घालून पेटीत हात सारायचे आणि अर्धा तास नट फिरवत बसायचे. मी विचारायची, "टोचतं का हो?"

"छे! लोण्यासारखा आहे."

त्यांच्या त्या 'छे'वर मी शिवण पक्की करत गेले. बोटं वळावीत म्हणून सांध्यांवर चुण्या घातल्या. त्या झकास जमल्या होत्या, उगाच नम्रपणा कशाला?

हौशी संशोधकांच्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या पाचांत आलो. परवा वसईच्या एका कॉलेजात परीक्षा होती. पास झाला तर मोजा खऱ्या प्रयोगशाळेत जाणार होता. हे आदल्या दिवसापासून धड जेवले नव्हते.

नियम असा, की मोज्यात हात परीक्षकाचा. जागृती नावाची उंचनिंच मुलगी होती, तिला मोजा बरोब्बर बसला. पंप सुरू झाला, बोटं छान वळली. ह्यांनी मला कोपराने ढोसलं. चौथ्या मिनिटाला ती "आई गं!" करून ओरडली आणि पंप बंद करायला लावला. तिच्या पाचही बोटांच्या टोकांवर लालभडक वळ उठले होते, एका बोटातून रक्त आलं होतं.

मी मोजा उलटा केला आणि चूक कळली. पोरं वाढतात, म्हणून युनिफॉर्मच्या शिवणीत आम्ही माया सोडतो, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड. हाताच्या सवयीने मोज्याच्या टोकांशीही मी तीच सोडली होती. अंतराळवीराचं बोट काय वाढणार होतं का? गाढव मी!

"पण काका, तुम्ही रोज अर्धा तास घालता ना?" जागृती म्हणाली. "तुम्हाला टोचलं नाही?"

"नाही बुवा," हे म्हणाले.

मोजा नापास झाला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मला रडू यायला हवं होतं, राग तरी. काहीच येईना. ह्यांना शुगर निघून सहा वर्षं झाली, गोळ्या आठवल्या तर घेतात. बोटांवर वळ रोज दिसायचे, पण मेकॅनिकची घट्टे पडलेली बोटं ती, मी कधी निरखून पाहिली नाहीत.

मी त्यांचा हात मांडीवर ओढला आणि पहिल्या बोटाच्या टोकात नख रुतवलं. हे समोरच्या फाटकाकडे बघत होते.

"अगं, माया काढली की झालं. पुढच्या वर्षी परत येऊ," हे म्हणाले. "आणि टोचलं असतं तर मला कळलं नसतं का? हवं तर दाबून बघ."

मी दाबतच होते. नख पार आत गेलं होतं.

"दाब की," हे म्हणाले.